थरथर कुठे हवी, कुठे नको

अनगोळ, बेळगाव

प्रिय संजू,

बैलगाडी शर्यतीचा गेम, आणि तोही आपल्या निपाणी-चिकोडीकडच्या माळावरचा! तुझा फोन आल्यापासून घरात, दुकानात, भेटेल त्याला सांगत सुटलोय. पुण्यात एवढी वर्षं काढूनसुद्धा गेम करायला घेतलास तेव्हा तुला हा माळच आठवला, याचा मला किती आनंद झालाय ते पत्रात मावणार नाही.

आता तुझा प्रश्न. शर्यत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कंट्रोलर, म्हणजे गेम खेळताना दोन्ही हातांत धरायचं ते बटणांचं यंत्र, थरथरत ठेवायचा, म्हणजे खेळणाऱ्याला गाडीवर उभं असल्यासारखं वाटेल, असं तुझं म्हणणं. तुझ्या टीममधल्या मुलीला मात्र दोन मिनिटांत तो खाली ठेवावासा वाटतो. मला विचारशील तर तिचं बरोबर आहे. तरीही थरथर काढून टाकू नकोस. कमी कर. इतकी कमी, की ती आली की हाताला कळलंच पाहिजे, काहीतरी झालं.

दुकानात बसून जे बघतो त्यावरून सांगतोय. खडे बाजारात माझ्याकडे मोबाईल तर येतातच, हल्ली कंट्रोलरही बरेच येतात. कुणाची स्टिक आपोआप सरकते, कुणाचं बटण दबून बसतं. मधूनच एखादं गिऱ्हाईक धडधाकट कंट्रोलर घेऊन येतं आणि आतल्या मोटर काढून द्या म्हणतं. "नुसतं खडखडतंय ओ, हातात धरवत नाही." आणि दुसरा कुणीतरी मोटरची वायर तुटली म्हणून कळवळून येतो. गाडी आपटली तरी हाताला पत्ता नाही, मजाच गेली, हे त्याचं दुखणं. दोघांचंही मला पटतं.

आत रचना साधी असते. डाव्या मुठीत मोठी मोटर, उजव्या मुठीत छोटी, आणि दोघींच्या दांड्यावर एका अंगाला कललेलं वजन. मोटर फिरली की ते वजन आपल्या बाजूला ओढतं, बाजू सतत बदलत राहते, आणि तळहाताला तीच थरथर लागते. मोठी जाड हादरे देते, छोटी बारीक गुणगुणते. सोनीने १९९७ साली आपल्या प्लेस्टेशनसाठी ड्युअलशॉक नावाचा कंट्रोलर काढला तेव्हापासूनची ही जोडी. त्याच वर्षी निन्टेंडोचा रंबल पॅकही आला होता. तो कंट्रोलरला वेगळा जोडायचा आणि त्यात आपले दोन सेल घालायचे. या जातीच्या मोटरमध्ये जोर आणि वेग एकमेकांना बांधलेले असतात. जोराचा हादरा हवा तर ती जलदच फिरवायला लागते. वेग पकडायला ती क्षणभर घेते, थांबायलाही घेते. पडद्यावर चाक दगडावर आपटतं, हाताला ते जरासं उशिरा पोचतं आणि मग उगाच रेंगाळतं. जुन्या गेमांची थरथर बोथट वाटते ती बरीचशी यामुळे.

नवी साधनं या बाबतीत खूप पुढे गेलीत. निन्टेंडो स्विच या गेम-मशीनच्या २०१७ च्या जॉय-कॉन कंट्रोलरमध्ये वजन गोल फिरत नाही, सरळ रेषेत मागेपुढे हलतं. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स कंट्रोलर २०२० मध्ये आला, त्यात स्पीकरमध्ये असते तशी कॉइल आहे. जोर वेगळा, वेग वेगळा, आणि सुरू-बंद जवळजवळ तत्काळ. स्विच आला त्याच सुमारास निघालेल्या एका खेळात जॉय-कॉन हातात घेऊन हळू तिरका करायचा आणि आत किती गोळ्या घरंगळतायत ते नुसत्या हातावरून ओळखायचं. आत एकही गोळी नाही, हे ठाऊक असतानाही हाताला ती जाणवतेच. एक गिऱ्हाईक ते दाखवायला बसलं तेव्हा मी पुढची दुरुस्ती बाजूला ठेवली. इतकी बारीक गोष्ट सांगू शकणाऱ्या यंत्राला आपण तीन मिनिटं नुसतं खडखडवत ठेवायचं, हे मला बघवत नाही.

आपण दोघं गाडीवरून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला जायचो ते आठव. डांबर होतं तोवर हँडलकडे लक्षही जायचं नाही. वळणावर खडी आली की डोळ्यांच्या आधी तळव्यांना कळायचं आणि तुझी बोटं आपोआप ब्रेककडे जायची. इंजिनाचा कंप सगळी वाट होता, पण तो दहा मिनिटांत हात विसरून जायचा. उपयोगी होता तो बदल. सेगाने १९७६ मध्ये मोटरसायकलचा एक आर्केड गेम काढला होता, त्यात टक्कर झाली की खरोखरचं हँडल थरथरायचं. टक्कर झाली की, लक्षात घे. एरवी नाही. या सगळ्याच्या उगमाशी हे तारतम्य होतं.

हात विसरतो त्यालाही कारण आहे. आपल्या कातडीखाली थरथर ओळखणारे कण असतात, फिलिपो पाचिनी या इटालियन संशोधकाच्या नावाने ते ओळखले जातात. सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंप असले की ते सगळ्यात तिखट असतात. पण त्यांना बदल लागतो. एकसारखं काही चालू राहिलं की ते गप्प होतात, आणि जोराची थरथर बराच वेळ लागली तर नंतर काही काळ बोटांना बारीकसारीक कळेनासं होतं. म्हणजे तू शर्यतभर मोटर चालवलीस, तर ऐन शेवटच्या वळणावर, जिथे हाताला खरी बातमी द्यायचीय, तिथेच हात बहिरा झालेला असेल.

आता अण्णाचं सांगतो, कारण हे लिहायला बसलो ते मुख्यतः त्याच्यासाठी. तो उद्यमबागेतल्या फौंड्रीत फेटलिंगला आहे हे तुला माहीतच आहे. कास्टिंग साच्यातून निघालं की त्याच्या कडेला उरलेलं लोखंड हातातल्या ग्राइंडरने घासून काढायचं, हे त्याचं आठ तासांचं काम. संध्याकाळी घरी आला की पहिल्यांदा दोन्ही हात गरम पाण्यात धरतो. बोटांना मुंग्या असतात, थंडीच्या दिवसांत टोकं पांढरी पडतात. शर्टाची बटणं वैनीने लावायची वेळ येते कधीकधी. आणि त्याला गेमची किती आवड आहे! जेवण झालं की पोराच्या शेजारी बसतो, रेसिंग लावतो, आणि सेटिंगमध्ये जाऊन थरथर बंद करतो. "दिवसभर हेच चालू होतं, आता नको रे," एवढंच म्हणतो. पोराला थरथर पाहिजे, बापाला नको, मग प्रत्येक डावाला सेटिंग उलटसुलट.

संजू, तुझ्या गेमला सगळ्यात जीव लावणारी माणसं अशीच असणार. बैलगाडीची शर्यत बघत वाढलेली, दिवसभर ग्राइंडर, ड्रिल, ट्रॅक्टर धरणारी. त्यांच्या हातांवर आधीच पुरेसा कंप साठलेला आहे. युरोपात कामगाराच्या हाताला दिवसाला किती कंप चालेल याची कायद्याने मर्यादा घातलेली आहे, त्याचा निर्देश २००२ चा. आणि त्याच २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलाची हकीकत छापून आली होती. दिवसाला सात-सात तास थरथर चालू ठेवून खेळायचा. थंडीत त्याचे हात पांढरे पडून सुजायला लागले, दुखायला लागले. कारखान्यातल्या हत्यारांनी होतं तसलं दुखणं. ही एका मुलाची गोष्ट आहे, त्यावरून कुणाला घाबरवायचं नाही. अर्धा-पाऊण तास खेळणाऱ्याला त्यात भिण्यासारखं काही नाही. पण तिथे बसून तू जो आकडा कोडमध्ये घालशील तो कुणाच्या तरी बोटांत जाणार आहे, एवढं मनात ठेव.

मग काढूनच टाकावी का? नाही. सोनीने २००६ साली प्लेस्टेशन ३ आणला तो थरथर नसलेल्या कंट्रोलरसकट. तेव्हा इमर्शन नावाच्या कंपनीबरोबर थरथरीच्या तंत्राच्या पेटंटचा खटला चालू होता. सोनीचं म्हणणं असं की हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला थरथरीचा त्रास होतो. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि ड्युअलशॉक ३ मधून थरथर परत आली. आमच्या गल्लीतल्या एका पोराकडे बघितलं की ती का परत यायला हवी होती ते मला कळतं. त्याला ऐकू येत नाही. मागून गोळी आली, दार उघडलं, इंजिन तापलं, हे बाकीच्यांना आवाजाने कळतं. त्याला ते फक्त तळहातातून कळतं. माझ्याकडे आला होता तेव्हा बाकीचं सगळं चालत होतं, छोटी मोटर तेवढी गेलेली. ती बदलून दिली, त्याने टेबलावरच एक डाव लावला आणि जो चेहरा केला, तो बघितलास तर तूही थरथर काढायची भाषा करणार नाहीस.

तर तुझ्या शर्यतीत मी काय करीन ते सांगतो. गाडी चाकोरीत सरळ पळतेय तोवर मोटर पूर्ण बंद. टापा आणि चाकांची दणदण स्पीकरवर आहेच. चाक चाकोरी सोडून कडेच्या दगडावर चढलं की डाव्या मुठीत एकच जाड हादरा, आणि लगेच थांबव. डावं चाक की उजवं, हे नुसत्या हादऱ्यावरून सांगायला जाऊ नकोस, साध्या मोटरवर ते सगळं गोंधळून जाईल. ते पडद्यावर दाखव. कासऱ्याला मात्र उजवी, बारीक मोटर ठेव. बैल बाहेरच्या अंगाला ओढायला लागला की हलकी गुणगुण सुरू व्हावी, ओढ वाढेल तशी वाढावी, आणि खेळणाऱ्याने कासरा आवळला की तत्क्षणी बंद. म्हणजे त्याने केलेल्या कामाची पावती त्याच्या हातातच मिळेल. माझ्या मते या गेमची सगळी मजा इथे आहे. जिंकल्यावर मोटर धडाडून सोडण्याचा मोह तुला होईल. नको. तिथे हलगी आहे, गुलाल आहे, लोकांचा आरडाओरडा आहे. तेवढं भरपूर झालं.

सेटिंग पहिल्या पानावरच दे. प्लेस्टेशन ५ वर मशीनच्या सेटिंगमध्ये थरथर कमी-जास्त किंवा बंद करता येते हे खरं, पण अण्णासारखा माणूस तिथवर जात नाही. गेम पहिल्यांदा उघडताच विचार: जोरात, मध्यम, मंद की बंद. आणि प्रत्येक पर्याय निवडताना हातात एकदा तेवढीच थरथर देऊन दाखव. दोन खेळाडू असतील तर दोघांचं सेटिंग वेगळं. चाक आणि कासरा यांची पट्टीही वेगवेगळी दे. कुणाला हादरा सोसत नाही पण गुणगुण आवडते, असे मी बरेच बघितलेत. आणि बंद केल्यामुळे कुणी हरता कामा नये. कासऱ्याची ओढ हाताला कळते तशी बैलाच्या मानेवरून डोळ्यालाही कळली पाहिजे, घुंगरांच्या आवाजावरून कानालाही.

स्वस्त कंट्रोलरवर तपासायला विसरू नकोस. तुझ्या टेबलावर भारीतला असेल, पण इकडे पोरं जे घेतात त्यात जुन्या पद्धतीच्याच मोटर असतात. ड्युअलसेन्सवर जे रेशमासारखं लागतं ते त्यांच्यावर खडखडू शकतं. माझ्याकडे जुने-नवे, दुरुस्त केलेले, न नेलेले असे ढीगभर पडलेत. चालू अवस्थेतला गेम पाठवून दे, सगळ्यांवर लावून बघतो आणि कुठला कसा वाजतो ते लिहून कळवतो. अण्णालाही बसवतो, त्याचा रविवार मोकळा असतो. तुझ्या टीममधल्या त्या मुलीला मात्र आधी विचार, तिला नक्की कुठल्या क्षणी खाली ठेवावासा वाटला. तो क्षण मला कळव, मी तिथूनच बघायला सुरुवात करतो.

आईला नमस्कार सांग. येताना कळव, कुंदा आणून ठेवतो.

तुझा,
बाळू