दहा दिवस फोन लागणार नाही

प्रिय आई-बाबा,

पुढच्या शुक्रवारपासून दहा दिवस माझा फोन बंद असेल. मौनाच्या ध्यानशिबिराला चालले आहे. रजा मंजूर झाली, नावही नोंदवलं. आधी विचारलं नाही, कारण बाबा गप्प झाले असते आणि आई, तू फार खूश झाली असतीस. दोन्ही मला जड गेलं असतं.

बाबा, मामाच्या त्या प्रकरणानंतर ‘पुरावा काय?’ या तुमच्या प्रश्नाची आपल्या घरात काय किंमत आहे, हे मी जाणते. म्हणून झालं ते जसंच्या तसं सांगते. तुमच्या ऑपरेशनच्या रात्री तीनच्या सुमारास मी आयसीयूबाहेरच्या बाकावर होते. आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. एकाएकी भीती गेली. भीतीच काय, भिणारी ‘मी’सुद्धा उरली नाही. आईचा श्वास, भिंतीवरचा दिवा, आत झोपलेले तुम्ही, सगळं एकच होतं. तुम्ही वाचाल असा कौल वगैरे मिळाला नाही. काहीही झालं तरी सांभाळलं जाईल, एवढंच वाटलं. मग लिफ्टचं दार वाजलं आणि सगळं पूर्ववत झालं.

तीस तासांचं जागरण होतं, ताण होता. मान्य. पुढे सहा महिने मी याच्यावरच वाचत होते. मेंदू-संशोधक अँड्र्यू न्यूबर्ग यांनी ध्यान करणाऱ्या तिबेटी बौद्धांच्या मेंदूंची स्कॅन घेतली, ती 2001 साली प्रसिद्ध झाली. आपलं शरीर कुठं संपतं याचं भान ठेवणारा मेंदूचा वरचा-मागचा भाग गाढ ध्यानात थोडा निवलेला दिसला. माणसं आठच होती, हे तुमच्याआधी मीच सांगते. पण त्या रात्रीच्या माझ्या दहा मिनिटांचं वर्णन त्याच्याशी जुळतं.

आता हे मेंदूत घडलं म्हणून ते खोटं ठरतं का, बाबा? तुमच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा दुर्बिणीतून चंद्र पाहिला, तेव्हाही माझ्या मेंदूत काहीतरी घडतच होतं. आणि आई, तुलाही सांगायला हवं, रागावू नकोस: देव आला होता असं मी म्हणत नाही. अशा अनुभवात काहीतरी कळल्याची पक्की खात्री वाटते, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवलं आहे. ती खात्री अनुभवाचाच भाग असते. तिच्यावरून विश्वाची रचना ठरवता येत नाही. पण त्या रात्रीनंतर मी माणसांशी मऊ वागते, आणि हे मला टाकून द्यायचं नाही.

बाबा, तुम्ही ज्याचा द्रवाच्या दाबाचा नियम शिकवलात तो पास्कल आठवा. 1654 साली त्यानं फर्मा या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला, आणि त्याच वर्षी 23 नोव्हेंबरच्या रात्री साडेदहा ते साडेबारा त्याला असंच काही जाणवलं. ते त्यानं कागदावर लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलं. तो गेल्यावर सापडलं. त्याला त्यात देव भेटला; तो निष्कर्ष माझा नाही. पण त्यानं गणितही सोडलं नाही. चार वर्षांनी तो सायक्लॉइडवर, म्हणजे घरंगळत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू आखतो त्या वक्रावर, काम करत होता. मीही प्रयोगशाळा सोडणार नाही, कुणाची शिष्या होणार नाही.

तिथे स्वतंत्र खोली आहे, गरम पाणी आहे, जेवण वेळेवर आहे, पाठीला टेकायला खुर्ची मागता येते. अडचण आली तर कार्यालयाचा नंबर दादाकडे दिला आहे. ते मला लगेच बोलावतील. बरं वाटलं नाही तर मधूनच निघून येईन, त्यात मला कमीपणा वाटणार नाही.

आई, संध्याकाळी तू डोळे मिटून बसायचीस आणि मी तुझ्या पदराचं टोक मुठीत धरून गप्प बसायचे. तेव्हा मला काय वाटायचं ते कधी सांगितलं नाही. आल्यावर सांगेन.

आता ऐका. बाबा, बीपी रोज सकाळी मोजायचं आणि वहीत लिहायचं, अंदाजानं नाही. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करायची नाही. जिना एकदाच चढायचा. आई, थायरॉईडची गोळी उपाशीपोटीच घ्यायची; डोळे मिटून कितीही शांत वाटलं तरी ती चुकवायची नाही. रात्री उठलीस तर आधी दिवा लाव. आणि या पत्रावरून दोघांनी भांडू नका. काय वाटेल ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, मी आल्यावर वाचेन.

तुमची,
मनू