आधी लेखणी, मग चर्चा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बैठका लांबतात, वेळ फुकट जातो, अशी तक्रार सगळेच करतात. माझी तक्रार वेगळी आहे. पुष्कळ बैठकांत पहिले दोन-तीन जण बोलून झाले की निर्णय झालेलाच असतो. पुढे तासभर बाकीचे माना डोलावतात आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते' अशी नोंद होते. सुलभक म्हणून निर्णय-बैठका आखणं आणि चालवणं हेच माझं काम. त्यामुळे हे सतत पाहते आणि दर वेळी तितकंच लागतं.

यात माणसांपेक्षा आखणीचा दोष जास्त. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साध्या रेषांची लांबी ओळखायची होती. आधी बोलणारे प्रयोगकर्त्याचेच साथीदार असत आणि ठरवून चुकीचं उत्तर देत. खरा सहभागी सरासरी तीनपैकी एकदा समोर दिसणारं सोडून त्यांच्यामागे गेला. पण आधीच्यांपैकी एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तरी हे प्रमाण एकदम खाली येई. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली दुसरी गोष्ट दाखवली: जे सगळ्यांना ठाऊक असतं त्यावरच गट बोलत राहतो, एकट्याजवळ असलेली माहिती बहुधा त्याच्याजवळच राहते.

उपाय तसा जुना आहे. डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ साली मांडलेली 'नॉमिनल ग्रुप' पद्धत. प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहायचा आणि प्रत्येकानं गप्प बसून आपापले मुद्दे कागदावर उतरवायचे. मग फेरीनं एकेकानं एकच मुद्दा सांगायचा, त्यावर लगेच कुणी काही बोलायचं नाही. सगळे मुद्दे फळ्यावर आले की चर्चा, आणि शेवटी प्रत्येकानं स्वतंत्रपणे लावलेला पसंतीक्रम.

यातली शांतता सांभाळणं सगळ्यात अवघड. दोन-तीन मिनिटांत कुणीतरी पेन खाली ठेवतं, कुणी मोबाइल बघतं, प्रमुखांना काहीतरी सांगावंसं वाटतं. तिथे सुलभकानं नम्रपणे पण ठामपणे थांबवायला हवं, कारण कामाचं पुष्कळसं त्यानंतरच कागदावर येतं. एका बैठकीत नवी कामाची पद्धत जवळजवळ मंजूर झाल्यातच जमा होती. फेरीत सगळ्यात कनिष्ठ कर्मचाऱ्याची पाळी आली. त्यानं कागदावरचं वाक्य वाचलं: 'ही यंत्रणा चालवता येणारा एकच माणूस आहे आणि तो पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय.' खोलीत हे आणखी कुणालाच माहीत नव्हतं. हात वर करून बोलायचं असतं, तर तो बोलला नसता, असं त्यानंच नंतर सांगितलं.

प्रमुखांनी शेवटी बोलावं, हे ओघानंच आलं. ज्याला निकालात रस आहे त्यानं बैठक चालवू नये, यावर मात्र मी अडून बसते. आणि निर्णय कसा होणार ते सुरुवातीलाच सांगावं: बहुमतानं, सहमतीनं, की सर्वांचं ऐकून प्रमुख ठरवणार? तिन्ही पद्धती चालतील. आधीच ठरलेल्या गोष्टीवर मतं मागवणं मात्र मला अपमानास्पद वाटतं. एकदा असं झालं की पुढच्या वेळी माणसं मनातलं लिहीत नाहीत.

किरकोळ बाबींसाठी हा खटाटोप नको. त्या एकानं ठरवाव्यात, इतरांना कळवाव्यात. पण ज्या निर्णयाची झळ सगळ्यांना लागणार, तिथे 'कुणाची हरकत नाही ना?' असं घाईनं विचारून विषय मिटवू नये. 'यात तुम्हाला काय खुपतंय?' असं विचारून प्रत्येकाला बोलायला वेळ द्यावा आणि इतिवृत्तात निर्णयाखाली या हरकतीही नोंदवाव्यात. निर्णय अंगाशी आला, तर फेरविचार कुठून सुरू करायचा हे त्या नोंदींवरूनच कळतं.

आपली,
एक वाचक