काणकोणहून 39 सीटिंग

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रोस्टेट कॅन्सरच्या रेडिएशनवर सरकारने किती पैसा घालावा, यावरचा कालचा लेख वाचला. प्रोटॉनचे यंत्र (नेहमीच्या क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी रेडिएशन देणारे) हवे आणि सरकारने ते आणावे, एवढे समजले. लेखकमहाशय त्या टेबलावर कधी आडवे झालेले दिसत नाहीत.

मी झालो आहे. 39 सीटिंग, म्हणजे शनिवार-रविवार सोडून जवळजवळ आठ आठवडे. रोज काणकोणहून पहाटेची बस. या रेडिएशनला मूत्राशय भरलेले लागते, म्हणजे आतडी वर सरकतात. त्यामुळे इस्पितळात पोचलो की अर्धा लिटर पाणी पिऊन बसायचे. एक दिवस मशीन बंद पडले. ‘पाच मिनिटांत सुरू होतलें’ हे दर अर्ध्या तासाने. बाकावर आम्ही सहा म्हातारे, गुडघे आवळून. एकाला अगदीच राहवेना, तर संडासाला कुलूप! किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. पुढचे लिहीत नाही. ते गृहस्थ माझ्यासारखेच मास्तर होते. दुसऱ्या दिवसापासून ते पिशवीत जादा पायजमा घेऊन येत.

बरे, ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल 2016 सालीच आला होता: रोजचा डोस वाढवून 20 सीटिंगांत तेवढाच गुण येतो. 2024 साली, कमी ते मध्यम धोक्याच्या रुग्णांना पाचही पुरतात असे प्रसिद्ध झाले. सगळ्यांना ते चालणार नाही, ते डॉक्टरांनी ठरवावे. पण मंजुरीच्या कागदावर यंत्राचे भाडे असते. माझे 39 दिवस, बसचे पैसे, सोबत येणाऱ्या मुलाच्या कापलेल्या रजा यांना रकाना नाही. त्याच 2024 मध्ये अमेरिकेतल्या साडेचारशे रुग्णांच्या तुलनेचा निकाल आला. दोन वर्षांनंतर आतड्याच्या तक्रारींत प्रोटॉन आणि नेहमीचे रेडिएशन यांत फरक दिसला नाही. लेखात हे कुठे आहे? प्रोटॉन खुशाल आणा, आधी त्या कुलपाची एक जादा किल्ली करून घ्या.

आणि हो, लेखात तीनदा ‘प्रोस्ट्रेट’ छापले आहे. मुद्रितशोधकाची जागा रिकामी असल्यास कळवावे, मला आता दुपारी वेळ असतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, काणकोण