बिनस्टँडची सायकल

फोंडा,
१२ ऑगस्ट

प्रिय विन्या,

परवा फोनवर "सायकल कशी चाललीय?" विचारलंस आणि मी "मस्त" म्हणालो. थाप मारली. ती हॉलमध्ये भिंतीला टांगलेली आहे. रविवारी आलेल्या एका काकूंनी हँडलला ओली छत्री अडकवली, तर मी ताटावरून उठून ती काढली. घरात अजून त्यावरून बोलणी खातोय.

पुण्यात ती जुनी फ्रेम मिळाली तेव्हा आपण किती नाचलो होतो! रेनल्ड्स ५३१, १९३५ साली निघालेली मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी. टिचकी मारून नाद ऐकत बसायचो. मग तीन महिने चाकं, गिअर, ब्रूक्सची चामड्याची सीट. आता वाटतं, खरी सायकल मी त्या तीन महिन्यांतच चालवली.

पावसाला दोष देऊ शकतो. जूनमध्येच सीटवर बुरशी आली, कपाटातल्या चपलांवर येते तशीच हिरवट. पण हिवाळ्यात कुठे पाऊस होता? तेव्हा एकदाच भोम, बाणस्तारीचा पूल करत जुन्या गोव्याला गेलो आणि दिवाडीच्या फेरीबोटीत चढताना पेडलला अडकणारे क्लीटचे बूट ओल्या उतारावर घसरले. पडता पडता सायकल वर धरली. कोपर सोलवटलं, सायकलला ओरखडा नाही. येताना चहाची तलफ आली, पण सायकल टेकवायची कुठे? नजरेआड करवेना. तसाच परतलो.

तिथेच घोडं पेंड खातं बघ. जी बाजारात सोडता येत नाही तिच्यावरून बांगडे आणायला कसं जाणार? मग 'राइड'लाच जायचं. म्हणजे खास कपडे, खास बूट, पहाटेचा गजर. ट्यूबच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही, तेव्हा आपलाच पंप शोधा. एवढं जमेपर्यंत स्कूटरने बाजार होऊन जातो.

आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी पों पों करत येतो. काळी सायकल, मागे पावांची पाटी, रॉडचे ब्रेक. एका पेडलचं रबर झिजून नुसता दांडा उरलाय. सायकल कुंपणाला टेकवतो आणि खुशाल आत येऊन गप्पा मारतो. भिंतीकडे बघून त्याने एकदा विचारलं, "कितल्याक पडली?" मी बायकोला सांगितलेलाच आकडा सांगितला, म्हणजे निम्मा. तरी बिचाऱ्याने डोळे विस्फारले. पुढे म्हणाला, "आनी स्टँड?"

विन्या, स्टँड लावायचा नाही असं आपणच ठरवलं होतं. पत्रा एक मिलिमीटरहून पातळ, क्लँप आवळला की नळी चेपते. खरंच आहे ते. तरी चवथीला येशील तेव्हा पुण्याहून एक साधा स्टँड आण, रंग कुठलाही चालेल. क्लँपखाली गुंडाळायला जुन्या ट्यूबचा तुकडा मी कापून ठेवलाय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू