हिस्सा जाईल, कर्ज राहील

नाशिक, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

‘सौ.’ लिहायला पेन टेकवलं नि उचललं. घटस्फोट झालेला नाही, म्हणजे कायद्याने तू अजून ‘सौ.’च, पण राहू दे.

काल फोनवर तू म्हणालीस, “बाबा, मला काही नको, फक्त मोकळं करा.” मी आवाज चढवला, आईने फोन काढून घेतला. आज एकच सांगतो. बुधवारी पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटच्या हक्कसोडपत्रावर सही करू नकोस.

फ्लॅट अमेयला द्यायचा तर दे. पण क्रम उलटा चाललाय. कर्जात तू सहकर्जदार आहेस, म्हणजे बँक सगळी रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करू शकते. घटस्फोटाचा हुकूमनामा तुम्हा दोघांमधला, बँक त्यात पक्षकार नाही. संमतीच्या अटींत ‘हप्ते पती भरेल’ असं लिहिलं तरी बँक ते मानायला बांधील नाही. आधी हक्क सोडलास तर हिस्सा जाईल, कर्ज राहील. त्याचा हप्ता चुकला की सिबिल तुझंही घसरणार.

आधी बँकेकडून शिल्लक कर्जाचा दाखला घ्या. अमेयच्या एकट्याच्या पगारावर ते बसतंय का, हे बँक तपासेल. बसलं तर तुझं नाव कमी केल्याचं लेखी पत्र मागायचं. नाही बसलं, तर दुसऱ्या बँकेत त्याच्या एकट्याच्या नावावर कर्ज हलवायचं, नाहीतर फ्लॅट विकून फेडायचं. पत्र हातात आल्यावरच दुय्यम निबंधकाकडे जायचं. नुसत्या नोटरीने हक्क सुटत नाही, नोंदणी लागते. मुद्रांक शुल्क कुणी भरायचं, तेही अटींत लिहून घे.

येवल्याला आत्याकडे संक्रांतीला तुझा पतंग कटला की आसारीच, मांज्याची अख्खी फिरकीच, समोरच्याच्या हातात द्यायचीस. “घे, मला नको.” आम्ही हसायचो. तेव्हाच रागवायला हवं होतं का, कोण जाणे.

घटस्फोट परस्परसंमतीने घ्यायचा तर वर्षभर वेगळं राहणं लागतं, ते तुमचं झालंय. अर्जानंतर ६ महिने थांबावं लागतं. ते माफ करता येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण माफ करायचे की नाही हे न्यायाधीश ठरवतात. आणि हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. तू आजच सगळं देऊन बसलीस आणि त्याने मन बदललं तर?

पोटगी नको म्हणतेस. तुला पगार आहे, तुझं तू ठरव. फक्त ‘कायमची सोडली’ असं लिहून दिलं की पुन्हा मागणं फार अवघड, एवढं लक्षात ठेव. दागिन्यांचं मात्र ऐकणार नाही. स्त्रीधन एकट्या तुझं, त्यात वाटणी नसते. पाटल्या, मोहनमाळ, आजीची नथ, सगळ्यांची वजनासह यादी कर. सराफ बाजारातल्या पावत्या माझ्या निळ्या फायलीत आहेत. लॉकर ‘दोघांपैकी कुणीही’ उघडू शकेल असा आहे. एकट्याने उघडू नये असं बँकेला लेखी कळव आणि पोच घे. पीएफ आणि विम्यातलं नॉमिनीचं नाव घटस्फोटाने आपोआप बदलेलच असं धरू नकोस, स्वतः अर्ज दे.

पुन्हा शिकवणी झाली. माफ कर. कर्ज विभागातली सवय आहे, आणि रात्री झोपही लागत नाही. डाऊन पेमेंटचे साडेसहा लाख तू स्वतःच्या पगारातून साठवलेस, हे मी शेजारच्या अण्णांना किती वेळा सांगितलं असेल! त्या वर्षांचे खाते उतारे काढून ठेव. पैसे कुणाचे, हे उद्या कुणी विचारलं तर तेच दाखवता येतील.

काकू काय बोलली ते मनावर घेऊ नकोस. बापूंची खोली झाडून ठेवली आहे, पंखाही दुरुस्त केला. हवं तितके दिवस राहा.

मंगळवारची पुण्याहून येणारी बस द्वारका चौकात किती वाजता पोचते ते आईला कळव. सामान किती आहे तेही सांग, म्हणजे स्कूटर आणू की रिक्षा करू ते ठरवतो.

आणि बुधवारी सही नाही.

तुझे
बाबा