शिरवळच्या मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

गाडी उत्तम आहे. खंबाटकीचा घाट भरल्या मालानिशी चढते, भर उन्हात चढते आणि इंजिनच्या तापमानाचा काटा मधली खूण सोडत नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, घटत नाही, पाइपांच्या तोंडाशी कुठे ओल नाही. एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. पण माझ्या गाडीच्या रेडिएटरचं, म्हणजे इंजिनचं गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीचं, तुम्ही जे काम केलंत ते आपल्या लाइनीतल्या चार गाडीवाल्यांनी वाचावं असं मनापासून वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगतो. माझी जुनी सहाचाकी. बोअरच्या जड पाण्याने तिच्या रेडिएटरची जाळी आतून क्षार धरून बंद होत आली होती. त्याच मॉडेलचा रेडिएटर मिळेना, तेव्हा एका ठिकाणी दुसऱ्या गाडीचा, जरा मोठ्या जाळीचा रेडिएटर बसवून दिला. मोठी जाळी केव्हाही चांगलीच. अडचण तोंडांची होती. इंजिनकडचं वरचं तोंड ४५ मिमी, रेडिएटरचं ५०. खाली पाणी फिरवणाऱ्या पंपाचं ५०, रेडिएटरचं ५७ आणि तेही वीतभर बाजूला. बसवणाऱ्याने मोठा पाइप घेतला, लहान तोंडावर सायकलच्या ट्यूबचे वेढे दिले, वरून क्लिप आवळली आणि गाडी मोकळी केली. पुण्याहून खत भरून निघालो, कराडला पोचायचं होतं. शिरवळच्या अलीकडेच काटा लाल पट्टीत गेला. तुमच्या गॅरेजसमोर गाडी घेतली तेव्हा वरचा पाइप निम्मा सरकला होता आणि फटीतून पाण्याची चिळकांडी उडत होती.

काका, सगळ्यात आधीचे आभार रेडिएटरचे नाहीतच. माझा भाचा नुकताच क्लीनर म्हणून गाडीवर यायला लागला होता. पाणी कमी झालंय म्हटल्यावर तो फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालायला गेला. तुम्ही रस्त्याच्या पलीकडून ओरडलात, धावत आलात, त्याचा हात धरून बाजूला घेतलात. मग रागावला नाहीत. त्याच फडक्यातून त्याला वरचा पाइप चिमटीत धरायला लावलात. पाइप दगडासारखा टणक. ‘हा दाबला जात नाही तोवर झाकण उघडायचं नाही. मऊ लागला, हात चटकला नाही, की मग बघू,’ एवढंच बोललात.

त्यामागचं कारणही तुम्ही त्याला सांगितलंत, ते मी इथे लिहितो. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं. आमच्या झाकणावर ०.९ बार (बार म्हणजे दाबाचं माप) लिहिलेलं आहे. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. पण झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो आणि शंभराच्या वर तापलेलं पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. भाच्याचा चेहरा आणि दोन्ही डोळे शाबूत आहेत. माझ्या बहिणीने तुम्हाला हात जोडून नमस्कार सांगितलाय.

इंजिन निवेपर्यंत तुम्ही चहा मागवलात आणि कोपऱ्यातली जाड तार घेऊन बसलात. तेव्हा मला वाटलं, तार बांधून पुढे पाठवताहेत. तसं केलं असतंत तरी मी तक्रार केली नसती, माल वेळेत द्यायचा होता. तुम्ही ती तार पंपाच्या तोंडापासून रेडिएटरच्या खालच्या तोंडापर्यंत वाकवत नेलीत. फॅनच्या पात्यापासून लांब, बेल्टपासून लांब, चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, कडेला न घासता. जसा पाइप जायला हवा तसाच तारेचा आकार झाला. ती तार घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेलात आणि भिंतीवर टांगलेल्या पाइपांना एकेक करून लावून पाहिलीत. दुकानदार गाडीचं मॉडेल विचारत होता, तुम्ही त्याला वळण दाखवत होतात. कुठल्याशा तिसऱ्याच गाडीचा पाइप निघाला. एक तोंड ५०, दुसरं ५७, वळण बरोबर, लांबी जास्त. जादा भाग कापला की काम झालं. कापतानाही पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने पातं फिरवलंत, म्हणून काप सरळ आला.

खालच्या पाइपात स्प्रिंग घालण्याचा तुमचा आग्रह मला तेव्हा कळला नव्हता. आता कळतो. वॉटर पंप खालून पाणी ओढतो. रेस वाढली की त्या ओढीने गरम झालेला मऊ पाइप चपटा होतो आणि ऐन चढावर इंजिनला पाणी कमी पडतं. गाडी थांबवून बोनेट उघडेपर्यंत पाइप पुन्हा फुगलेला असतो, त्यामुळे दोष सापडत नाही. किती गाड्यांची जाळी आणि पंप या एका कारणापायी फुकट बदलले गेले असतील! पंपाच्या तोंडापेक्षा बारीक जोड खाली कुठेच घालायचा नाही, हेही तुम्ही तिथेच सांगितलंत.

वरच्या पाइपासाठी ४५ आणि ५० ची तोंडं जुळवणारा जोड दुकानात मिळाला नाही. तिथे उभ्या असलेल्या एकाने सुचवलं, लोखंडी पाइपच वेल्ड करून टाका, कटकट मिटेल. तुम्ही त्याला शांतपणे समजावलंत की इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, ते चालू करताना, गिअर टाकताना, खड्ड्यात सतत हलतं. रेडिएटर चेसिसला धरून असतो. दोघांच्या मधला पाइप ताठ केला तर तो सगळा हिसका रेडिएटरच्या तोंडावर येणार आणि तोंड मुळापासून चिरणार. लोखंड मध्ये चालेल, पण दोन्ही बाजूंना रबर हवंच. मला तर हे वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर रंगवून ठेवावंसं वाटतं.

मग लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र. पितळेचा जोड, एका बाजूने ४५, दुसऱ्या बाजूने ५०, मधला उतार हळूहळू येणारा. भिंत पातळ ठेवायला लावलीत, नाहीतर त्याचं वजन रबरावर लोंबकळत राहिलं असतं. दोन्ही टोकांना मिलिमीटरभर उंच गोल कड काढून घेतलीत आणि तिच्यावर अंगठा फिरवून पाहिलात. एका जागी धार लागली तर पुन्हा लेथवर चढवायला लावलात. लेथवाला कंटाळला होता. पण तीच कड पाइपाला धरून ठेवते आणि तिच्यावरची धार पाइपाला आतून कापते. ५० मिमीच्या तोंडावर ०.९ बारचा दाब म्हणजे पाइपाला बाहेर ढकलणारा जवळजवळ १८ किलोचा जोर. गुळगुळीत तोंडावर गुंडाळलेली ट्यूब त्यापुढे किती टिकणार?

पाइप चढवताना भाच्याने ग्रीस आणलं, तुम्ही ते परत ठेवायला लावून साबणाचं पाणी घेतलंत. या पाइपाचं रबर तेल-ग्रीसने फुगतं, हे मी इतकी वर्षं गाडी चालवून ऐकलं नव्हतं. क्लिपा कडेच्या आतल्या बाजूला बसवल्यात, जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, स्क्रू समोरासमोर. आणि त्या जिवाच्या आकांताने आवळल्या नाहीत. रबर क्लिपेच्या फटींतून वर आलं की ते कापलं गेलंच समजा, असं म्हणालात. जोडाला आधार म्हणून रबर लावलेली पट्टी ब्रॅकेटला धरलीत, तीही थोडी हलेल एवढीच.

पाणी भरण्याआधी आणखी एक गोष्ट झाली. मी विचारलं, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढूनच टाकूया का? आपल्याकडे गाडी तापली की निम्मे मिस्त्री आधी तोच काढतात. तुम्ही नाही म्हणालात. तो काढला की इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त खातं, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) आणि पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो नसला तर बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथेच फिरत राहतं. म्हणजे तापू नये म्हणून काढायचा आणि त्यामुळेच गाडी तापायची. तुम्ही तो भांड्यातल्या पाण्यात टाकून स्टोव्हवर तापवलात आणि उघडताना आम्हा दोघांना दाखवलात. चांगला होता, तोच परत बसवलात.

कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं. त्याचे पैसे जास्त होतात म्हणून मी कुरकुरलो नाही, कारण जुन्या जाळीतला क्षार मी डोळ्यांनी पाहिला होता. तुम्ही लायनरचंही सांगितलंत. डिझेल इंजिनात लायनर थरथरतात, बाहेरच्या पाण्यात बारीक बुडबुडे होतात, फुटतात आणि लोखंडाला टाचणीएवढे खड्डे पाडत जातात. चांगलं कूलंट ते अडवतं. गाडीचं नाक रॅम्पवर उंच करून हळूहळू भरलंत, हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवलंत, पाइप दाबून दाबून बुडबुडे वर काढलेत. या कामाला पाइप बसवण्याइतकाच वेळ गेला. हवा अडकलेली राहिली असती तर एवढं सगळं करूनही हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तापलं असतं.

हेडखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, गेली असती, हेड वाकलं असतं, तर माझे गाडीचे हप्ते थकले असते. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही, एका गाडीवर घर चालवणाऱ्याला विचारा. तुम्ही लेथवाल्याचे पैसे माझ्यासमोर दिलेत, दुकानाचं बिल माझ्या हातात ठेवलंत आणि स्वतःची मजुरी अशी सांगितलीत की मला दोनदा विचारावं लागलं. वर म्हणालात, कराडला पोचल्यावर इंजिन पूर्ण निवू द्या आणि सगळ्या क्लिपा एकेक करून पुन्हा आवळून बघा, रबर पहिल्या तापण्यानंतर बसतं. मी बघितल्या. वरच्या दोन क्लिपांनी थोडी पकड घेतली, खालच्यांनी नाही.

भाचा आता डिझेल टाकण्याआधी टॉर्च घेऊन सगळे जोड बघतो. त्याने जाड तारेचं एक भेंडोळं टूलबॉक्समध्ये आणून ठेवलंय, मी न सांगता.

आमच्याच गावातल्या एकाने जुन्या गाडीला तसाच दुसरा रेडिएटर घेतलाय, अजून बसवलेला नाही. त्याला मी तुमच्याकडे पाठवतोय. दोन्ही तोंडांची मापं व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) घेऊन, कड सोडून मागच्या भागावर घेतलेली, तो कागदावर लिहून आणेल. रविवारी तुमचा लेथवाला बंद असतो हे त्याला सांगितलंय, तेव्हा सोमवारी सकाळी येईल. त्याच्याकडून मजुरी माझ्यासारखी घेऊ नका, पुरी घ्या.

आपला,
कराडचा एक गाडीमालक