क्लिकना हात लावण्यापूर्वी

कोलंबस, ओहायो
१२ एप्रिल

प्रिय अनिरुद्ध,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. यामाहा वायएफझेड ४५० आर ही चार चाकांची क्वाड घेतलीस, तीही शर्यतीसाठी आधीच फेरफार केलेली, हे वाचून फार आनंद झाला. लांब ए-आर्म (पुढची चाके फ्रेमला जोडणारे दांडे), रुंद ॲक्सल आणि मागे महागडा शॉक (धक्के झेलणारा, स्प्रिंग असलेला भाग) एवढे सारे आयते मिळाले. तरीही ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर मागची बाजू उसळून आडवी जाते आणि शॉकचे क्लिक (त्याची हालचाल मोकळी किंवा आवळी करणाऱ्या फिरकीचे टप्पे) कितीही फिरवले तरी फरक पडत नाही, असे तू लिहितोस. आधीचा मालक तुझ्याहून तीसेक किलोंनी जड होता, हेही तूच कळवले आहेस. माझ्या मते दुखणे तिथेच आहे. तो शॉक त्याच्या वजनासाठी बांधलेला आहे, आणि स्प्रिंग व उंची तुझ्या वजनाला जुळेपर्यंत क्लिक फिरवण्यात काहीही अर्थ नाही.

आधी मागची चाके जमिनीवरून उचलून स्विंगआर्म (मागचा ॲक्सल धरणारा दांडा) वर-खाली आणि आडवा हलवून पाहा. जोराच्या पाण्याने धुतलेल्या गाडीत लिंकेजच्या (स्विंगआर्म आणि शॉक जोडणाऱ्या सांध्यांच्या) बेअरिंगमधले ग्रीस निघून जाते, आणि तिथे खुळखुळ किंवा अडखळ असेल तर पुढची सारी मापे व्यर्थ जातात. दोन्ही मागच्या टायरांतली हवा सारखी ठेव. क्वाडच्या टायरमध्ये पाच-सहा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) एवढीच हवा असते, त्यामुळे एका पीएसआयचा फरकही जाणवतो; शिवाय दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलवर असल्याने एका टायरचा घेर कमी झाला की गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते आणि दोष विनाकारण शॉकला लागतो.

मग सॅग, म्हणजे भाराने गाडी किती खाली बसते ते, मोज. चाके अधांतरी असताना ॲक्सलपासून सरळ वर, मागच्या फ्रेमवरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर लिहून घे. नंतर हेल्मेट, बूट, छातीचे कवच असा सगळा साज चढवून फूटपेगवर उभा राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी तेच अंतर मोजायला सांग. घर्षणामुळे एका मापावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून एकदा मागची बाजू दाबून हलकेच सोडावी, एकदा उचलून हलकेच सोडावी आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यावी. तुझ्या गाडीच्या मागच्या चाकाची चाल (वर-खाली सरकण्याचे पूर्ण अंतर) मुळात सुमारे २८० मिलिमीटर आहे. तिचा तिसरा हिस्सा, म्हणजे ९० मिलिमीटरच्या आसपास, तू उभा असताना खाली बसायला हवा. तुझ्या बाबतीत हा आकडा बराच कमी येईल असा माझा अंदाज आहे. मागची बाजू उंच राहिली की भार पुढे झुकतो, ब्रेक लावताच मागचा भाग हलका होतो आणि तू लिहिलेस तसा आडवा जातो.

प्रीलोडची (स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाची) रिंग फिरवल्याने स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही, फक्त गाडीची उंची बदलते; ही गोष्ट पुष्कळ अनुभवी स्वारही विसरतात. म्हणून सॅग जुळल्यावर तू उतरून पुन्हा मोज. गाडी केवळ स्वतःच्या वजनाने बरीच खाली बसत असेल तर स्प्रिंग तुझ्यासाठी कडक आहे. जवळजवळ बसतच नसेल तर मऊ. हे उलटे वाटते, पण मऊ स्प्रिंगला उंची गाठण्यासाठी प्रीलोड भरपूर द्यावा लागतो आणि मग रिकाम्या गाडीचा भार तिला हलवू शकत नाही. तुझ्या शॉकवर एकावर एक दोन स्प्रिंगा असतील. समजा, एक २०० आणि दुसरी ४०० पौंड प्रति इंचाची. दोन्ही मिळून दबताना त्यांचा एकत्रित कडकपणा १३३च्या आसपास भरतो, आणि क्रॉसओव्हर रिंग (मऊ स्प्रिंगचे दबणे थांबवणारी कडी) टेकली की एकट्या ४००चे राज्य सुरू होते. बदलताना कोणती स्प्रिंग बदलायची हे या हिशेबावरून ठरवावे.

यानंतरच क्लिक. क्लिकच्या संदर्भातले ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ हे शब्द शॉकच्या दांड्याच्या वेगाबद्दल आहेत, गाडीच्या वेगाबद्दल नाहीत: वळणात गाडी झुकते तेव्हा दांडा सावकाश सरकतो, उडीवरून सपाटीवर आदळल्यावर झपाट्याने. तुला मात्र आधी रिबाउंडकडे (दबलेला शॉक परत उघडण्याच्या वेगाकडे) पाहावे लागेल, आणि तेही तेल तापल्यावर, कारण थंड शॉकवरची जुळवणी काही फेऱ्यांनंतर टिकत नाही. रिबाउंड फार मोकळा असेल तर प्रत्येक उंचवटा मागून लाथ मारतो. फार आवळला तर चाक पुढच्या उंचवट्यापूर्वी खाली परतत नाही, शॉक दर धक्क्याला थोडा थोडा आत जाऊन शेवटी दगडासारखा होतो आणि तीही लाथच वाटते. ओळखायची खूण एकच: पहिल्याच उंचवट्याला उसळला तर मोकळा, चौथ्या-पाचव्याला उसळला तर आवळलेला. एका वेळी दोनच क्लिक बदल, आणि प्रत्येक बदल वहीत टिपून ठेव. शॉकच्या नायट्रोजन भरलेल्या टाकीला मात्र घरी हात लावू नकोस. ते काम दुकानाचे.

उंची बदलली की चेनही पुन्हा तपासावी लागते. पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक), स्विंगआर्मची खीळ आणि ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ होते. थोडी ढील त्या स्थितीतही उरली पाहिजे.

चाके अधांतरी असतानाचे, रिकाम्या गाडीचे आणि तू उभा असतानाचे अशी तिन्ही मापे, दोन्ही स्प्रिंगांवर छापलेले आकडे आणि तुझे साजासकट वजन मला कळव. मी हिशेब करून कोणती स्प्रिंग मागवायची ते लिहितो. तोवर उंचवट्यांच्या पट्ट्यात वेग आवर. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीराम